पणजोबांची पदकं : सफाई, फिती आणि चौकट (कामाच्या नोंदी, २०२३)

सातारा भागात अनेक घरांच्या ट्रंकेत पहिल्या महायुद्धाची पदकं पडून आहेत. आमच्याही होती. ती नीट करून चौकटीत बसवायला मला जवळजवळ वर्ष लागलं. त्यातले चार महिने चुका निस्तरण्यात गेले. दुसऱ्या कोणी हे काम हाती घेतलं तर त्या चुका टाळता याव्यात म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवत आहे.

१५ जानेवारी, रविवार

गावी गेलो. आजीने ट्रंकेची किल्ली दिली. तळाशी जुन्या सातबाऱ्यांच्या खाली प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात काशाचा तारा. पिशवीला आतून चिकट घाम सुटलेला आणि ताऱ्याच्या खाचांत हिरवा कळंक. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या काळाच्या ओघात विरघळू लागतात आणि तो चिकटा धातू खातो. तुमच्या घरी अशा पिशवीत काही ठेवलं असेल तर पुढचं वाचण्याआधी उठा आणि ते बाहेर काढून सुती कापडावर ठेवा.

दुसरं पदक ट्रंकेत नव्हतंच. ते देव्हाऱ्यात होतं, टाकांच्या शेजारी. पंख पसरलेली बाई म्हणजे देवीच, असं पणजीने ठरवलं होतं. तेव्हापासून रोज हळदकुंकू. बाईचा चेहरा कुंकवाच्या थराखाली पुरता बुजलेला.

तिसरं असेल म्हणून शोधलं, पण कुठेच सापडलं नाही. वडिलांचं म्हणणं, दोनच होती.

आजची चूक मोठी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चुलतभाऊ म्हणाला, चिंच-मीठ लावलं की दोन मिनिटांत लख्ख होईल. मी नको म्हणायला हवं होतं. ताऱ्याच्या डाव्या टोकाला लावलं आणि खरंच दोन मिनिटांत ते टोक नव्या तांब्यासारखं गुलाबी झालं. शंभर वर्षांत धातूवर चढलेली तपकिरी साय गेली. ती परत आणता येत नाही. लगेच धुतलं, थांबलो. ते टोक आजही वेगळं दिसतं आणि पुढची कित्येक वर्षं दिसत राहील.

२२ जानेवारी

पुण्यात आणून फक्त वाचन केलं, हात लावला नाही. ताऱ्याची मागची बाजू सपाट असते, तिच्यावर नाव ठोकलेलं असतं. गोल पदकांवर ते कडेला असतं. समोरून उजेड टाकला की काही दिसत नाही. खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी अगदी आडवी, पदकाला जवळजवळ टेकवून धरली तेव्हा अक्षरं सावल्यांसह उभी राहिली. आधी क्रमांक, मग ‘सिपॉय’, नाव, आणि शेवटी ‘१०३’ व मराठा लाइट इन्फन्ट्रीची आद्याक्षरं.

१०३ म्हणजे जंगी पलटण. १९२२ मध्ये फेररचना झाली तेव्हा तीच पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली. पहिल्या महायुद्धात ही पलटण सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, उतरली. घरात ‘बसरा’ हा शब्द होता तो इथून आला. लहानपणी मला तो कुठला तरी बाजार वाटायचा.

देव्हाऱ्यातल्या पदकाच्या कडेवरचं कुंकू ओल्या कापसाने फक्त कडेपुरतं उतरवलं. तिथे आडनावाचं स्पेलिंग वेगळं! दोन दिवस मी याच घोरात होतो की ही दोन माणसांची पदकं आहेत. पण क्रमांक एकच, पलटणही एकच. शिपायाचं नाव सांगितलं जायचं मराठीत आणि लिहिलं जायचं इंग्रजीत, दर वेळी वेगळ्या कारकुनाच्या कानाप्रमाणे. त्यामुळे नावावर विसंबू नका, क्रमांक आणि पलटण ही जोडी धरा. एकटा क्रमांकही पुरत नाही, कारण क्रमांक पलटणीपुरते असत. तोच आकडा दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याचा.

आणखी एका गोष्टीत दिवस गेला. ताऱ्यावर १९१४-१५ आहे, देवीच्या पाठीवर १९१४-१९१९. युद्ध तर १९१८ च्या नोव्हेंबरात थांबलं. मला वाटलं नक्कल आहे. तसं नाही. तह १९१९ मध्ये झाला आणि या पदकावर तोच सालाचा आकडा घेतला आहे. पानांच्या वेढ्यात ‘द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन’ असं लिहिलेलं आहे. सिव्हिलायझेशनसाठीचं महायुद्ध. आमच्या गावातल्या माणसाने ते शब्द कधी वाचले नसणार, त्याला अंगठा उठवायचा तेवढं येत होतं.

२९ जानेवारी

आपल्याकडे काय आहे ते नीट समजून घ्यायला आठवडा दिला. तो वाया गेला नाही. पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

१९१४-१५ चा तारा: ३१ डिसेंबर १९१५ च्या आत रणभूमीवर गेलेल्यांना. आडव्यातिडव्या तलवारी, वर मुकुट, मधे सालाची पट्टी. १९१४ चा वेगळा तारा फक्त फ्रान्स-बेल्जियममध्ये त्या वर्षी गेलेल्यांचा. बसऱ्याला गेलेल्यांना हाच मिळाला.

देवीचं पदक म्हणजे व्हिक्टरी मेडल. फ्रान्सचे सेनानी मार्शल फॉश यांच्या सूचनेवरून दोस्त राष्ट्रांनी ठरवलं की प्रत्येक देशाने आपापलं पदक घडवावं, पण समोर पंखवाली विजयदेवता आणि फीत इंद्रधनुष्याची, दोन्ही सगळ्यांकडे सारखी. ब्रिटनचं पदक विल्यम मॅकमिलन या शिल्पकाराचं. जपान आणि सयाम (आजचा थायलंड) या दोघांनी मात्र पंखवाली बाई घेतली नाही, त्यांच्या लोकांना ती परकी. सयामने आपल्या पदकावर नारायण, म्हणजे विष्णू उभा केला. हे वाचलं तेव्हा पणजीची आठवण झाली. सयामच्या राजाला जे करावंसं वाटलं ते तिने आमच्या माजघरात कुंकवाच्या एका बोटाने केलं होतं.

महत्त्वाचं असं की व्हिक्टरी मेडल एकटं मिळत नसे. ज्याला ते मिळालं त्याला ब्रिटिश वॉर मेडलही मिळालेलं असणार. म्हणजे तिसरं होतं. तेही मॅकमिलनचंच. समोर पाचव्या जॉर्जचं डोकं. मागे घोड्यावर बसलेला विवस्त्र पुरुष, घोड्याच्या टापांखाली प्रशियाच्या गरुडाची ढाल आणि कवटी, वर उगवता सूर्य. आणि हे पदक चांदीचं, ३६ मिलिमीटरचं, वजनाला सुमारे तीस ग्रॅम.

तुमच्या घरी हेच पदक तांबूस असेल तर खोटं समजू नका. मजूर पथकांना, त्यात आपल्याकडच्याही, ते काशाचं दिलं गेलं. अशी सुमारे १,१०,००० निघाली.

५ फेब्रुवारी, रविवार

आजीला फोनवर चित्र दाखवून काही कळलं नसतं म्हणून कागदावर मोठं छापून घेऊन गेलो. आजी पणजोबांची नातसून नाही, सून. १९५३ ला लग्न होऊन आली, पाच वर्षं त्यांना जेवायला वाढलं. कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, “ह्योच की. घोडा व्हता त्याच्यावर. उघडाबंब माणूस बसल्याला. सासूबाई देवात ठिवू द्येत नव्हत्या.”

मग कुठे गेलं?

“मोडला की. तुझ्या बापाच्या वाळ्यांला.”

मी गृहीत धरलं की वाईट दिवस असतील, पणजीने नाइलाजाने मोडलं असेल. तसं बोललोही. आजीने थांबवलं. मोडायला काढून दिलं ते पणजोबांनी स्वतः. १९५५ ला माझे वडील जन्मले, बाराव्या दिवशी म्हाताऱ्याने ट्रंक उघडली, बिल्ला सोनाराकडे पाठवला आणि म्हणाले, “त्यो घोडा लय दिस उभा हाय. पोराच्या पायात घाला.”

मेसोपोटेमियातल्या कूट गावाला तुर्कांनी वेढा घातला, त्या वेढ्यात पणजोबा होते. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. वेढ्यात धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापली गेली. हिंदी शिपायांनी बराच काळ ते खायला नकार दिला, शेवटी उपासमारीने अनेकांनी खाल्लं. मग शरणागती आणि तुर्कांची कैद, जिथून कितीतरी परतले नाहीत. घरात एवढंच सांगितलं जायचं की आबा घोड्याला पाय लागला तर नमस्कार करायचे. बैलाला करतात तसा. का, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं.

वाळे घरात आहेत. वडील, दोन आत्या, मी, माझी बहीण, सगळ्यांच्या पायांत होऊन गेलेले. आजीच्या पितळी डब्यात, पिवळ्या कापडात.

१२ फेब्रुवारी

सोनाराकडे वाळ्यांचं वजन २६.८ ग्रॅम भरलं. त्याच्या यंत्रात चांदी ८८ टक्क्यांच्या आसपास. पदकाची चांदी ९२.५ टक्के असते. डाग देताना तांबं-जस्त मिसळतं, घट धरतात, थोडं झिजतं, हे सगळं धरलं तर जुळतं. पण जुळणं म्हणजे पुरावा नव्हे, हे वहीत लिहून ठेवलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

जुन्या बाजारात गेलो. संचातली मधली जागा रिकामी दिसणार, म्हणून एक ब्रिटिश वॉर मेडल विकत घेऊन लावावं असं मनात होतं. दोन मिळाली. एक साडेसहा हजार, कडेवर कुणा पंजाबी पलटणीच्या शिपायाचं नाव. दुसरं चार हजारांत, कडेवर नावच नाही.

बिननावाचं पाहून आनंद झाला, पण व्यास मोजायला व्हर्नियर नेला होता तो लावला. व्यास ३५.४. म्हणजे कड कानशीने घासून नाव काढून टाकलेलं. हे पदक एका माणसाचं होतं आणि तो माणूस घासून काढला होता. नाव घासून त्यावर दुसरं ठोकण्याचे प्रकारही चालतात, तेव्हा घ्यायचंच असेल तर चार ठिकाणी व्यास मोजा आणि अक्षरांच्या बुडाशी खोलगट भाग आहे का पाहा.

पहिल्या पदकावरचं नाव मी तीन वेळा वाचलं. कुणाच्या तरी घरी, कुठेतरी जालंधर-झेलमकडे, याचीच जागा रिकामी असेल. घेतलं नाही. आमच्या माणसाच्या दोन पदकांमध्ये परक्या माणसाचं नाव टांगणं मला जमणार नाही. हा माझा निर्णय. नक्कल विकत मिळते, तीही नको. मधली जागा रिकामी ठेवायची, पण फीत लावायची, इतकं परतीच्या वाटेवर ठरलं.

५ ते २६ मार्च, रविवारी दोन-दोन तास

सफाई. नियम एकच ठेवला: जे धातूला खातं ते काढायचं, जे नुसतं बसलेलं आहे ते राहू द्यायचं.

तारा: बांबूची काडी तासून टोकदार केली, डिस्टिल्ड पाण्यात भिजवली आणि भिंगाखाली खाचेतला हिरवा भुसा उचलत गेलो. सुई किंवा ब्लेड लावू नका, ओरखडा कायमचा राहतो. एका बैठकीत तीन-चार खाचा होतात. पिशवीचा चिकटा मिनरल टर्पेंटाइनच्या कापसाने निघाला. शेवटी पुसून, रात्रभर कोरडं ठेवून, मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला.

व्हिक्टरी मेडल: इथे दुसरी चूक. कडेवरचं तेल निघावं म्हणून ॲसिटोन लावलं. या पदकावर कारखान्यातच लाखेसारखं सोनेरी लेपन असतं, ते ॲसिटोनने विरघळलं. नखाएवढा भाग निस्तेज झाला तेव्हा लक्षात आलं. त्यानंतर फक्त टर्पेंटाइन, तेही आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघून.

कुंकवाचं काय करायचं यावर तीन आठवडे घालवले. भिंगाखाली पाहिल्यावर दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या. जिथे समईचं तेल आणि तूप कुंकवात मुरलं होतं तिथे खाली हिरवं, मेणचट झालेलं. तुपातली आम्लं तांब्याला खातात. जिथे कोरडं कुंकू होतं तिथे खालचा धातू ठणठणीत. म्हणून पायापासचं आणि डाव्या पंखाखालचं तेलकट सगळं काढलं. चेहऱ्यावरचं आणि छातीवरचं कोरडं ठेवलं.

एका परिचिताने फोटो पाहून विचारलं, अर्धवट का सोडलंस? अर्धवट नाही. हे पदक घडलं तेव्हा ती विजयदेवता होती, तशी लाखो निघाली, ती कुठेही बघायला मिळते. सत्तर वर्षं रोज सकाळी पणजीच्या आणि मग आजीच्या अनामिकेचं बोट लागलेली ही एकच आहे.

२ एप्रिल

फिती. कॅम्पातल्या लष्करी सामानाच्या दुकानात आजच्या पदकांच्या फिती मिळतात, शंभर वर्षांपूर्वीच्या नाहीत. ब्रिटनहून मागवल्या. टपालाला २६ दिवस लागले, जकातीसह २,३५० रुपये गेले. त्यात मी तिन्ही फिती ३२ मिलिमीटर रुंदीच्या मागवल्या. तारा आणि वॉर मेडल यांची ३२ च असते, पण व्हिक्टरीची ३९. कडीत टाकल्यावर दोन्ही बाजूंनी धातू दिसू लागला. ती एक पुन्हा मागवली, आणखी ९८० रुपये आणि तीन आठवडे. मागवण्याआधी कडीची रुंदी मोजा, एवढं साधं काम मी केलं नव्हतं.

व्हिक्टरीला मूळ फितीचं टीचभर चिंधूक शिल्लक होतं. रेशीम बोट लावताच पीठ होत होतं. फेकलं नाही, आम्लविरहित टिश्यूत गुंडाळून चौकटीच्या मागच्या खणात ठेवायचं ठरवलं.

३० एप्रिल

फिती शिवल्या, पिना लावून मांडल्या, गावी दाखवायला नेल्या. आमच्या वाडीतले निवृत्त सुभेदार काका आले. लांबूनच म्हणाले, “तारा उलटा लावलास.”

तारा सरळच होता, फीत उलटी होती. तिच्यात लाल, पांढरा, निळा असे रंग एकमेकांत विरघळत जातात, त्यामुळे तिला दिशा आहे. लाल बाजू छातीच्या मध्याकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे. बाकीच्या दोन फिती दोन्हीकडून सारख्या असल्याने मी विचारच केला नव्हता. वॉर मेडलची मधे केशरी, मग पांढरी आणि काळी रेघ, कडेला निळी. व्हिक्टरीची दोन इंद्रधनुष्यं लालाला लाल लावून जोडलेली. काकांनी क्रमही तपासला: तारा, वॉर मेडल, व्हिक्टरी. रिकामी जागा बरोब्बर मधे येते.

मग बराच वेळ बसले. म्हणाले, आमच्या पदकांवर लढाई कळते, यांच्यावर काहीच कसं नाही? उत्तर मला माहीत होतं. वॉर मेडलच्या फितीवर लढायांच्या नावांच्या पट्ट्या द्याव्यात असा विचार झाला होता, पण लाखो माणसांच्या पट्ट्यांचा खर्च पाहून भूसेनेने तो सोडला. म्हणून कूटमध्ये जवळजवळ पाच महिने काढलेल्या माणसाचं पदक आणि मागच्या तळावर राहिलेल्याचं पदक हुबेहूब एकच. काका म्हणाले, “मग तू लिही की खाली.” ते केलं आहे, पुढे येईल.

१४ मे

चौकट, पहिला प्रयत्न. पूर्ण फसला.

फ्रेमच्या दुकानात दिलं. मापं दिली, काचेला पदक टेकू देऊ नका असं बजावलं, बाकी त्यांच्यावर सोडलं. आठ दिवसांनी चौकट आली, दिसायला सुरेख. घरी आणल्यावर व्हिनेगरसारखा वास. पदकं सिलिकॉनच्या डिंकाने चिकटवली होती. साधं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं. बंद काचेत ते कुठे जाणार? पाठीला एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, त्यातूनही आम्लाची वाफ सुटते. त्याच संध्याकाळी चौकट उघडली. ताऱ्याच्या मागे, नेमका नावाच्या अक्षरांवर, वाटाण्याएवढा सिलिकॉनचा गोळा. तो नखाने आणि दोऱ्याने सोलून काढायला पाच तास लागले. नाव शाबूत राहिलं. मेणाचा हात आधी दिला होता म्हणून डिंक धातूत रुतला नाही, हे नशीब. ३,२०० रुपये गेले.

डिंक लावायचाच नाही, हा मुद्दा कागदावर लिहून द्यायला हवा होता. तोंडी सांगण्यात तो राहिला.

जून ते ऑगस्ट

काम बंद. पावसाळ्यात धातू बंद काचेत घालू नये, आतली ओल आतच राहते. पदकं सुती कापडात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद स्टीलच्या डब्यात. दर रविवारी डबा उघडून पाहणं. जुलैच्या मध्यात ताऱ्याच्या एका खाचेत परत हिरवा ठिपका दिसला, मार्चमध्ये तिथलं पूर्ण निघालं नव्हतं. परत काडी, परत मेण. यामुळे तीन महिने थांबलो ते बरं झालं. चौकटीत असता तर वर्षभर कळलं नसतं.

१७ सप्टेंबर

चौकट, दुसरा प्रयत्न, घरीच. सुताराकडून फक्त सागाचा सांगाडा करून घेतला, आतल्या बाजूला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली म्हणजे लाकडाची वाफ आत येणार नाही. पाठीला आम्लविरहित बोर्ड. त्यावर मांजरपाट, आधी तीन वेळा गरम पाण्यात धुतलेला, खळ पूर्ण गेलेला. लोकरी फेल्ट किंवा मखमल नको. लोकरीत गंधक असतं, वाळे चांदीचे आहेत, काळे पडतील. काचेऐवजी अतिनील किरण अडवणारा ॲक्रिलिक पत्रा, पदकांपासून बोटभर दूर. सगळं सुती दोऱ्याने शिवलेलं. शिवण फितीतून घेतली, धातूला कुठेही दाब नाही.

मधल्या फितीखाली काय, हा प्रश्न शेवटपर्यंत होता. माझं मत, काहीच नको. वाळे त्याच पदकाचे, हे मी सिद्ध करू शकत नाही, मग पदकाच्या जागी टांगायचे कसे? ते खाली वेगळ्या खणात असावेत. आजीला यंत्राचे ८८ टक्के समजावून सांगितले.

“मशीनला काय म्हाईत? सोनार माझ्या म्होरं बसला व्हता.”

त्या दिवशी ती तिथे होती, मी नव्हतो. वाळे फितीखाली टांगले.

पण वाळे कायमचे शिवता येत नाहीत. आमच्याकडे बारशाला ते लागतात आणि बहिणीचे दिवस भरत आले होते. म्हणून पाठीचा बोर्ड खिळ्यांऐवजी चार फिरत्या पट्ट्यांवर बसवला आणि फितीच्या टोकाला दुहेरी सुती दोऱ्याचा फास ठेवला. बोर्ड उतरवून वाळे काढायला दोन मिनिटं लागतात. कुठल्याही घरगुती पदकाच्या चौकटीला हीच पद्धत वापरा असं मी सांगेन. वाळे नसले तरी दरवर्षी उघडून पाहायला हवंच.

खाली सुभेदार काकांनी सांगितलेली पट्टी. आजीच्या सांगण्यावरून, माझ्या हस्ताक्षरात, पेन्सिलीने, कारण शाई उडते: पलटण, क्रमांक, बसरा, कूट, कैद, परत. साल फक्त जिथे खात्री आहे तिथेच.

१ ऑक्टोबर

हिशेब. फिती ३,३३०. मेण, टर्पेंटाइन, कापूस, भिंग १,७५०. फसलेली चौकट ३,२००. सागाचा सांगाडा, बोर्ड, ॲक्रिलिक ४,६००. मांजरपाट आणि दोरा २१०. एकूण १३,०९०. त्यातले ४,१८० शुद्ध चुकांचे. तास मोजले तेवढे ७१. प्रवास धरलेला नाही.

भिंत निवडताना स्वयंपाकघराच्या, न्हाणीच्या आणि बाहेरच्या ओलीच्या भिंती टाळल्या. माजघरात, उन्हाची तिरीप न येणाऱ्या बाजूला टांगलं. देव्हाऱ्यासमोरच आहे. देवीला तिथून हलवल्याबद्दल आजीला विचारून घेतलं होतं. ती रोज सकाळी देवपूजा झाली की चौकटीकडे वळून हात जोडते. ॲक्रिलिकवर कुंकवाचा ठिपका पडू लागला आहे. तो पुसत नाही, बाहेरच्या बाजूला आहे, धातूला काही होत नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

भाचीचं बारसं. सकाळी पाठ उघडली, फास सोडला, वाळे कोमट पाण्याने धुतले. वडिलांनी बाळाच्या पायात घातले. १९५५ मध्ये ते त्यांच्यासाठीच झाले होते, आता हात थरथरत होते म्हणून बहिणीने पाय धरला. आजीने बाळाच्या कानात काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, फक्त ‘घोडा’ एवढा शब्द आला.

चौकट तशीच परत भिंतीवर लावली. सध्या मधे केशरी-निळी फीत आणि तिच्या टोकाला मोकळा दोरा आहे. वाळे सव्वा महिना पायांत राहतील. परत आले की आधी वजन करायचं, २६.८ शी ताडून पाहायचं, पूर्ण कोरडे करायचे आणि मग टांगायचे. सिलिका जेलच्या पुड्याही त्याच वेळी बदलायच्या.